देवाच्या पैशाचा हिशेब होतो, भक्ताच्या पैशाचा का नाही?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : श्रद्धा आणि संपत्ती या विषयावरील वाचकांच्या पत्रांबाबत

महोदय,

गेल्या काही दिवसांत आपल्या दैनिकात श्रद्धा आणि संपत्ती या विषयावर वाचकांची पत्रे प्रसिद्ध झाली. एका वाचकाचे म्हणणे असे, की ज्याला परमार्थ साधायचा आहे त्याने पैशाच्या मागे लागूच नये. दुसऱ्याचे म्हणणे असे, की उपासना नेमाने केली तर लक्ष्मी आपल्या पावलांनी घरी येते. ही मते एकमेकांच्या विरुद्ध वाटली, तरी दोहोंचा परिणाम एकच होतो : माणूस स्वतःच्या पैशाविषयी चौकशी करायचे सोडून देतो. मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहे आणि माझे माहेर व सासर दोन्ही वारकरी आहे. श्रद्धाळू घरांत पैशाविषयी प्रश्न विचारणे कमीपणाचे मानले जाते आणि त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते, हे मी जवळून पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

परमार्थाचे आणि पैशाचे वैर आहे, हे पटवून देण्यासाठी तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा नेहमी पुढे केली जाते. ती सांगणारे बहुधा तिचा अर्धाच भाग सांगतात. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारीचा व्यवहार होता आणि १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तो सगळा कोलमडला. परंपरा सांगते, की खते बुडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याच्या हाती ठेवला आणि केवळ स्वतःच्या वाट्याची खते नदीत सोडली. म्हणजे आधी वाटणी झाली आणि मग त्याग झाला. स्वतःचे सोडून देण्याचा अधिकार त्यांनी वापरला, दुसऱ्याच्या हक्काला मात्र हात लावला नाही. ज्यांनी स्वतः असे केले, त्यांनीच प्रापंचिकाला ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेंच करी’ असे सांगितले आणि त्या अभंगाच्या शेवटी ‘हेंचि आश्रमाचें फळ’ असेही म्हटले. धन जोडावे, ते चोख व्यवहाराने जोडावे आणि त्यात जीव न अडकवता खर्च करावे, एवढे स्पष्ट मार्गदर्शन असताना वारकऱ्याने बचतीची किंवा गुंतवणुकीची लाज का बाळगावी, हे मला समजत नाही.

गाडगेबाबांचेही तेच. त्यांनी स्वतःजवळ काही ठेवले नाही, पण नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि कीर्तनातून लोकांना सांगितले ते हेच, की कर्ज काढून सण आणि तेराव्याची जेवणे करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. इतर धर्मांकडे पाहिले तरी वेगळे चित्र दिसत नाही. मुसलमान कुटुंबाला जकात काढायची असते तेव्हा वर्षभर हाती राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के द्यावे लागतात आणि त्यासाठी सोने किती, रोकड किती, देणे किती, हे आधी मांडावे लागते. हिशेबाशिवाय ते धर्मकर्तव्य पारच पडत नाही. आपल्याकडेही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी चौरंगावर वही ठेवतो, तिच्यावर ‘श्री’ काढतो, हळदकुंकू आणि लाह्याबत्तासे वाहतो. जमाखर्चाच्या वहीची पूजा करणाऱ्या समाजात ‘माझ्या पैशाचा कागद दाखवा’ एवढे विचारणे अश्रद्धा ठरते, याचे मला मनापासून दुःख होते.

दुसऱ्या मताविषयी फारसे लिहीत नाही, कारण त्याचे उत्तर कायद्यानेच दिले आहे. उपासनेने मन स्थिर होते, व्यसनावर खर्च होणारा पैसा वाचतो, कामात नियमितपणा येतो, हे मी स्वतः अनेक घरांत पाहिले आहे आणि त्यातून घराची स्थिती सुधारते, यात शंका नाही. परंतु अमुक यंत्र घरात ठेवल्याने धनप्राप्ती होते, हा दावा पूर्णपणे वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि २०२१च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तूंमध्ये अलौकिक शक्ती असल्याचे सांगणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती या कायद्याने बेकायदेशीर ठरतात, असा निर्णय दिला. ज्याने ही याचिका केली तो एक शिक्षक होता, हे मला महत्त्वाचे वाटते. अशा जाहिराती तरीही वेगवेगळ्या रूपांत येतच राहतात.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले, तिच्याकडे वळते. आमच्या तालुक्यातील एका महिला भजनी मंडळाभोवती काही वर्षांपूर्वी एक ठेव योजना सुरू झाली. ती चालवणारे गृहस्थ कीर्तनात पेटी वाजवत, एकादशीला खिचडीच्या पातेल्याशी उभे राहत, कोणाच्या घरी मयत झाली तर सर्वांच्या आधी पोहोचत. एक लाख रुपये ठेवल्यास महिन्याला पाच हजार देण्याचे त्यांनी कबूल केले होते. पहिल्या महिन्याचे व्याज बायकांना बंद पाकिटातून मिळाले; पाकिटावर कुंकवाचे बोट उमटवलेले होते आणि सोबत प्रसादाची पुडी होती. ते पाकीट कित्येकींनी उघडण्याआधी देवापुढे ठेवले. पावतीचा विषय एका बाईने काढला, तेव्हा शेजारी बसलेल्या दुसरीनेच तिला गप्प केले, ‘माऊलींकडून कसला गं कागद मागतेस?’ मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकीचे दागिने मोडून पैसे दिलेल्या बायका त्यात होत्या, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली आवर्तक ठेव मुदतीआधी मोडलेल्याही होत्या. सगळे पैसे रोखीने गेले.

महिना पाच टक्के म्हणजे वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज. किसान विकास पत्रात, ज्याच्यामागे भारत सरकार उभे आहे, एप्रिल २०२३पासूनच्या साडेसात टक्के दराने पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. शंभर जणींची एकेक लाखाची ठेव धरली, तर त्या गृहस्थांना दर महिन्याला पाच लाख रुपये नुसते व्याजापोटी लागत होते आणि तालुक्याच्या गावात असा कोणताही सरळ धंदा नाही, जो एक कोटीच्या भांडवलावर दरमहा पाच लाख न चुकता मिळवून देईल. व्याज नव्या बायकांच्या मुद्दलातून जात होते. नव्या बायका यायच्या थांबल्या, त्या महिन्यात पाकिटेही थांबली.

त्यानंतर जे झाले त्याचा मला अधिक त्रास झाला. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यानुसार अशा व्यक्तीची मालमत्ता जप्त होऊ शकते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा केंद्राचा कायदाही आहे. परंतु तक्रार द्यायला बायका पुढे येईनात. काहींनी घरी पैशाविषयी सांगितलेच नव्हते. काहींचे म्हणणे होते, की देवाच्या माणसावर पोलिसांत तक्रार केली तर पाप लागेल. ज्या पुढे आल्या, त्यांच्याजवळ दाखवायला पावती नव्हती, बँकेची नोंद नव्हती. या बायकांना कोणी लोभी म्हटले की मला संताप येतो. त्यांनी लोभापोटी नव्हे, विश्वासापोटी पैसे दिले होते आणि तो विश्वास त्यांनी वर्षानुवर्षे एकत्र टाळ धरून कमावला होता. त्या गृहस्थांनी चोरला तो हा विश्वास.

या संदर्भात एका गोष्टीकडे मी सर्व श्रद्धावान वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. आपण दानपेटीत टाकलेल्या रुपयाचे काय होते? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणीकृत देवस्थानाला हिशेब ठेवावे लागतात, त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला सादर करावे लागते. शिल्लक पैसा विश्वस्तांना मन मानेल तेथे ठेवता येत नाही. तो अनुसूचित बँक, टपाल खाते, सरकारी रोखे अशा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावा लागतो. साक्षात पांडुरंगाचा पैसा पावतीशिवाय कोणाच्या हाती देता येत नाही. दिंडीतसुद्धा जेवणाखाण्यासाठी भिशी भरली जाते, तेव्हा तिचा जमाखर्च मांडला जातो आणि कोणी वारकरी त्याला संशय म्हणत नाही. मग भक्ताने आयुष्यभर घाम गाळून साठवलेला पैसा मात्र शब्दावर आणि कुंकवाच्या बोटावर का सोपवला जावा?

बँकेत काम केल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडील असंख्य पतसंस्थांना देवांची आणि संतांची नावे आहेत. त्यांतील अनेक उत्तम चालतात, अडल्यानडल्याला उपयोगी पडतात आणि त्यांविषयी मला आदर आहे. तथापि बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, फेब्रुवारी २०२०पासून ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. हा फरक काउंटरवर बसून मी कित्येक ज्येष्ठ ठेवीदारांना समजावून सांगितला आहे आणि दर वेळी त्यांना तो नवा वाटला. पतसंस्थेत ठेव ठेवण्यापूर्वी तिला लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग, म्हणजे श्रेणी, विचारावी, वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल मागावा, थकबाकीचा आकडा पाहावा. सभासद म्हणून तो आपला हक्क आहे.

धनत्रयोदशी जवळ आली आहे. त्या दिवशी गुंजभर सोने घेण्याची रीत मला प्रिय आहे आणि ती पाळावी, असेच मी सुनेलाही सांगते. मात्र ती गुंतवणूक म्हणून करणाऱ्यांनी घडणावळ आणि तीन टक्के वस्तू व सेवा कर यांचा विचार करावा, कारण दागिना मोडताना त्यातले काहीच परत मिळत नाही. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक दागिन्यावर पाहावा आणि बिल घ्यावे. ओळखीच्या सराफाकडे बिल मागायला संकोच वाटत असेल, तर तेथे अधिक आग्रहाने मागावे.

संपादक महोदय, आपणांस माझी दोन विषयांची विनंती आहे. दिवाळीच्या पुरवण्यांत धनप्राप्तीची हमी देणारी यंत्रे, अंगठ्या आणि तोडगे यांच्या जाहिराती आपण स्वीकारू नयेत. उच्च न्यायालयाचा निर्णय दूरचित्रवाणीविषयी असला, तरी छापील दावा त्याहून वेगळा नसतो. आणि त्याच पुरवणीत ठेव ठेवण्यापूर्वी कोणती कागदपत्रे पाहावीत, संशयास्पद योजनेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर कशी नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात काय सांगावे, याची ठळक अक्षरांतील एक चौकट प्रसिद्ध करावी. अशी चौकट आपण छापल्यास, तिच्या प्रती काढून आमच्या पंचक्रोशीतील भजनी मंडळांत कार्तिकी एकादशीपूर्वी पोहोचवण्याचे काम मी आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या दोन मैत्रिणी करू.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक (निवृत्त बँक कर्मचारी)
जि. सातारा