स्टॉल फुकट, पण ठेवायचा कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात एसटी स्टँडच्या बाहेर वडाखाली तात्या बसायचे, अख्ख्या गावाच्या चपला त्यांनी शिवल्या. आता ते थकलेत. त्यांचा मुलगा, माझा शाळेतला मित्र, मुंबईची नोकरी सोडून परत आलाय आणि त्याला इथेच चपला, बूट, बॅगा दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकायचंय, जमलं तर नवीन चामडी चपला पण बनवायच्यात.

हात एकदम बापाचा आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या पोरीच्या सँडलचा तळ सुटला, मी म्हटलं नुसतं सोल्युशन लावून दे, तर म्हणाला "कोकणच्या पावसात नुसतं चिकटवलेलं टिकत नाय", आणि दोऱ्याला मेण लावून, आरीने भोकं पाडत कडेकडेने अख्खा तळ शिवून दिला. वर्ष झालं, पोरगी अजून तीच सँडल घालतेय. भिजलेली चामडी चप्पल चुलीजवळ ठेवू नको, सावलीत वाळव, नायतर तडकते, हे पण त्यानेच सांगितलं.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा आली, त्यातल्या १८ व्यवसायांत चर्मकाम आहे, हत्यारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज. शिवाय गटई कामगारांना, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांना, समाजकल्याण खात्याकडून पत्र्याचा स्टॉल १०० टक्के अनुदानावर मिळतो. पण स्टॉलसाठी जागा एकतर स्वतःची हवी नाहीतर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने अधिकृत ताब्यात दिलेली हवी, आणि घोडं तिथेच अडलंय. तात्या एवढी वर्षं वडाखाली बसले त्याचा एक कागद त्यांच्याकडे नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा वड गेला आणि त्यांची जागा पण गेली, नुकसानभरपाईचं तर कोणी नावच काढलं नाही. मित्राने जागेसाठी अर्ज देऊन आठ महिने झाले, दर वेळी "पुढच्या मीटिंगला घेऊ". तोवर तो घराच्या पडवीत ऐरण मांडून बसतो, पण स्टँडपासून दीड किलोमीटर आत, तुटलेली चप्पल हातात घेऊन तिथवर कोण चालत जाणार?

स्टँडच्या मागे कुंपणाला लागून जागा रिकामी पडलीय, नुसता कचरा टाकतात तिथे. भाडं भरायला तो तयार आहे. संबंधितांनी ती जागा रीतसर कागदावर त्याला द्यावी आणि शक्यतो जूनच्या आत, कारण शाळा उघडल्या आणि पाऊस लागला की ह्या धंद्याचे खरे चार महिने तेच.

आपला एक वाचक