ओंकारच्या ऑफरबद्दल, व्रोत्सवाफहून

ती. काका आणि काकू यांना सा. न.

काका, तुमचा व्हॉइस मेसेज मिळाला. ओंकारला गुडगावच्या कन्सल्टिंग कंपनीत रिसर्च ॲनालिस्टची ऑफर आली, पण पत्रात ‘सपोर्ट फंक्शन’ (म्हणजे पडद्यामागचं, मदतीचं काम) असं लिहिलंय म्हणून तुम्ही खट्टू झालात. “इंजिनिअरिंग करून शेवटी कारकुनीच?” असं तुम्ही म्हणालात. मी इथे पोलंडमध्ये तेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारकुनी नाही, हे आधी सांगते. तुम्ही जन्मभर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलात. वार्षिक सभेत साखर उताऱ्याचा आकडा वाचून टाळ्या घ्यायचे चेअरमन, पण तो आकडा यायचा तुमच्याकडून. आमचंही तसंच. क्लायंटसमोर, म्हणजे सल्ला विकत घेणाऱ्या कंपनीसमोर, सूट घालून बसतो तो कन्सल्टंट, आणि त्याच्या हातातला आकडा आमचा.

परवाचंच सांगते. संध्याकाळी उशिरा फ्रँकफर्टच्या टीमचा निरोप आला: युरोपातल्या सिमेंट कारखान्यांची देशवार क्षमता सकाळपर्यंत हवी. दोन ठिकाणचे आकडे काढले तर त्यांचा मेळच बसेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं, की एका यादीत फक्त भट्टी असलेले, म्हणजे क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं ते भाजलेले गोळे) बनवणारे कारखाने होते. दुसरीत बाहेरून क्लिंकर आणून नुसतं दळणारी युनिटंही धरली होती. दोन्ही याद्या नुसत्या जोडल्या असत्या, तर तोच माल दोनदा मोजला गेला असता. हे ओळखायला तो धंदा माहीत असावा लागतो. कन्सल्टंट आज सिमेंट, उद्या बँक, परवा हॉस्पिटल करतो, आम्ही एकाच विषयात मुरतो.

ओंकारच्या बाजूचं म्हणाल, तर कन्सल्टंटांना ‘अप ऑर आउट’ असतं: ठरावीक काळात बढती नाही मिळाली, की बाहेरचा रस्ता. आमच्या मागे ते एवढं हात धुऊन लागत नाही. दर सोमवारी विमान पकडायचं नाही. इथे तर पदवीची आठ वर्षं नोकरीत धरतात, त्यामुळे दोनच वर्षांत माझी भरपगारी रजा २६ दिवस झाली. गुडगावला हे सुख नाही, हे त्याला आधीच सांगा. पण ही कामं तिथे नवी नाहीत. मॅकिन्झी या बड्या कन्सल्टिंग कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या शेवटीच गुडगावला नॉलेज सेंटर, म्हणजे असंच रिसर्चचं केंद्र, काढलं आणि मग बाकीचेही आले.

आता खटकणारी बाजू. या खुर्चीतून पार्टनरच्या, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात वरच्या, खुर्चीकडे सरळ जिना नाही. ‘एक्स्पर्ट ट्रॅक’ नावाची वाट काही कंपन्यांत आहे आणि ती वरपर्यंत जाते, पण तिथले लोक क्लायंटसमोर बसतात. भरतीवाले आमचं काम आणि ही वाट दोन्ही एकाच दमात सांगतात, म्हणून ऑफर नेमकी कुठली ते त्यानं विचारून घ्यावं. कंपनी सुटल्यावर बिझनेस स्कूल करून कन्सल्टंट म्हणून परत येणारे असतात, पण थोडे.

माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: त्याच्या तासांचे पैसे कोण देतं? तास क्लायंटच्या बिलात लागत असतील तर तो कमाईत धरला जातो, नाहीतर खर्चात. मंदी आली की खर्चावर आधी कात्री. २०२३ मध्ये मॅकिन्झीनं सुमारे १,४०० नोकऱ्या कमी केल्याच्या बातम्या आल्या, त्यात बरेचसे क्लायंटसमोर न जाणारेच होते. त्याच वर्षी त्यांनी ‘लिली’ नावाचं एआय आणलं. जुने अहवाल धुंडाळून ते क्षणात गोषवारा देतं. नुसतं शोधून चिकटवण्याचं काम त्यामुळे संपत चाललंय, हे मी रोज डोळ्यांनी बघते. सिमेंटच्या दोन याद्या का जुळत नाहीत, हे अजून माणसालाच विचारतात. किती दिवस विचारतील, देव जाणे.

म्हणून ओंकारनं जावं, पण विषय आधी पक्का करून. ‘जनरल रिसर्च’मध्ये अडकू नये. त्याचं मेकॅनिकल आहे, तर वीज, स्टील, सिमेंट असलं काहीतरी मागून घ्यावं. उद्या नोकरी गेली तरी सिमेंट कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये किंवा रेटिंग एजन्सीत ते ज्ञान चालतं. स्लाइडचा रंग जुळवण्याचं कसब बाहेर फारसं कुणी विकत घेत नाही.

ऑफर लेटरचा फोटो मला पाठवा. व्हेरिएबल पे किती आणि नोटीस पिरियड किती, या दोन ओळी मला बघायच्यात. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, त्याला घरीच थांबायला सांगा. आणि काकू, त्याला “ताईनं होय म्हटलं” एवढंच सांगू नका, पूर्ण पत्र वाचायला द्या.

तुमची,
मेघा

ता. क. माझ्या एका सहकाऱ्याची आजी लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत होती, दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांना ठेवलं होतं तिथे. कोल्हापूर म्हटल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो. महावीर उद्यानात गेलात तर पोलिश लोकांच्या स्मारकाचा एक फोटो काढून पाठवाल का? त्याला हवा आहे.