ओंकारच्या अर्जाबद्दल काकांना

फॉन्तेनब्लो, फ्रान्स
२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना आणि ती. सौ. काकूंना शि. सा. नमस्कार.

काकू, फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झालाय, तो दह्यात घालून खाते. अनारसे मात्र अख्खे आले. इथे थंडी सुरू झाली, सकाळी सातला अजून अंधार असतो.

आता ओंकारच्या परदेशातल्या एमबीएच्या अर्जाचं. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पुण्याचा तो सल्लागार अडीच लाख मागतोय, निम्मे आधी. प्रवेशाची गॅरंटी देतो, आणि निबंध, शिफारसपत्रं सगळं त्याचीच माणसं लिहितात. "भरू का?" असं तुम्ही विचारलंत आणि मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. कारण खरं उत्तर द्यायचं तर एक गोष्ट सांगावी लागली असती, जी मी अजून बाबांनाही सांगितलेली नाही. आज त्यांनाही लिहिते आहे. काका, भरू नका.

२०२३ मध्ये मी पहिल्यांदा अर्ज केले तेव्हा अशाच एकाला साठ हजार दिले होते. घरी क्लासची फी म्हणून सांगितलं. त्याने माझ्याकडून मार्कशीट आणि बायोडेटा घेतला आणि चौथ्या दिवशी तीन बिझनेस स्कूलचे (आम्ही त्यांना नुसतं शाळा म्हणतो) निबंध पाठवले. तिन्ही जवळजवळ सारखेच, फक्त शाळेचं नाव बदललेलं. बेळगावात उद्यमबागच्या आपल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्याची वाळू आणि कोअर (साच्याच्या आतले गाभे) मिळून माझ्या हाताखाली नऊ माणसं होती, त्याने चाळीस केली. त्याहून वाईट म्हणजे त्याने मला सीमाभागातली दडपलेली मुलगी करून टाकलं. घरात भाषेवरून छळ, शाळेत भाषेवरून छळ, आणि त्यातून उठलेली मी. आजोबा १ नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून सायकल फेरीला जायचे. त्यांनी जे मनापासून केलं त्याचं या माणसाने रडगाणं करून विकायला काढलं होतं. ते वाचताना पोटात कालवलं, तरी मी ते पाठवलं. तिन्ही ठिकाणांहून मुलाखतीलासुद्धा न बोलावता नकार आले, आणि मला कळेना की त्यांनी नाकारलं कुणाला.

पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या एका बाईंकडे गेले. त्या तासावर पैसे घ्यायच्या. मी एकूण दहा तास घेतले, सगळे फोनवर. पहिल्या तासात त्यांनी एक ओळ लिहायला सांगितली नाही, नुसतं विचारत राहिल्या. शेडमध्ये सकाळी पहिला कोण येतो? भट्टीवरच्या माणसांशी कुठल्या भाषेत बोलतेस? कन्नड. घरी? मराठी. भंगार आणणाऱ्याशी? हिंदी. कोल्हापूरच्या पार्टीशी? मराठी, पण बिल इंग्रजीत. मग म्हणाल्या, "हे तू आधीच्या अर्जात लिहिलं होतंस का?" नव्हतं लिहिलं. काका, आपल्याकडे हे सगळेच करतात, म्हणून ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

अर्जात एक प्रश्न अपयशाचा होता. पहिल्या सल्लागाराने तिथे "मी कामात स्वतःला विसरते" असं काहीतरी लिहिलं होतं. बाईंनी ते वाचून विचारलं, "हे जाऊ दे. माल परत कधी आला?" तेव्हा मी ती पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. तुम्हाला ती अर्धीच ठाऊक आहे. पंपाच्या केसिंगचा लॉट कोल्हापूरहून परत आला, एवढं तुम्ही ऐकलंत. वरून गुळगुळीत, मशीनवर कापल्यावर आत ब्लोहोल. शेड गळत होतं, वाळूला ओल लागली होती. ओल्या वाळूत तापलेलं लोखंड ओतलं की वाफ धरते आणि तीच आत भोकं पाडते, हे बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवलंय. आणि त्या दिवशी वाळूची ओल मोजायचं काम माझं होतं. ऑर्डरची घाई होती, मी ते टाळलं. बाबांनी साचे करणाऱ्या मोल्डरांवर आवाज चढवला आणि मी गप्प उभी राहिले. दोन दिवसांनी सगळ्यांसमोर कन्नडमध्ये सांगितलं की चूक मोल्डरांची नाही, माझी आहे. ते दोन दिवस का लागले, यावर बाईंनी माझ्याशी दोन तास घालवले. निबंधाची पहिली ओळ तिथून सुटली. लिहिला मी, सहा वेळा. त्यांनी फक्त समासात लिहिलं: "इथे तू लपतेस", "हे खरं वाटतं", "हा शब्द तुझा नाही".

तुम्ही फाउंड्रीत आलात की बाबा तुम्हाला रायझर, साच्यातली ती जादा लोखंडाची जागा, दाखवतात ना? ओतलेलं लोखंड थिजताना आकसतं, तेव्हा रायझरमधलं शेवटपर्यंत गरम राहिलेलं लोखंड आत उतरतं आणि पोकळी पडू देत नाही. फेटलिंगला, म्हणजे माल साफ करताना, तो तोडून टाकतात, गिऱ्हाइकाच्या मालात तो जात नाही. चांगला सल्लागार मला तसा वाटतो. तुमच्या त्या पुण्याच्या माणसाला मात्र स्वतःच कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, व्हायचंय.

शिफारसपत्रांचंही सांगते. बाबांच्याच कारखान्यात काम करत होते, पण घरच्या माणसाचं पत्र चालत नाही. म्हणून ज्यांनी लॉट परत पाठवला त्या कोल्हापूरच्या साहेबांनाच विचारलं. शाळेची लिंक थेट त्यांच्या मेलवर जाते, पत्र तेच भरतात, आपल्याला ते दिसत नाही. त्यांनी काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही. पहिला सल्लागार म्हणाला होता, "आम्ही लिहून देतो, ते सही करतील." असल्या गोष्टी उघड होतात, काका. प्रवेश दिल्यावर अनेक शाळा अर्जातली माहिती तपासून घेतात आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेश काढून घेतात. या सल्लागारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्याही तत्त्वांप्रमाणे निबंध उमेदवारानेच लिहायचा असतो. आणि गॅरंटी तर कुणीच देऊ शकत नाही, कारण निर्णय शाळेची समिती घेते.

टिळकवाडीतले जे "फुकट" सल्ला देतात म्हणालात, त्यांचंही नीट विचारून घ्या. ते बहुतेक एजंट असतात. परदेशातली काही विद्यापीठं त्यांना दर विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, म्हणून ते त्याच विद्यापीठांची नावं पुढे करतात. ते चोरच असतात असं नाही, पण पैसे कोण देतंय हे आपल्याला माहीत हवं.

मुलाखतीचं काकूंसाठी लिहिते. इन्सियाडच्या, म्हणजे माझ्या इथल्या शाळेच्या, मुलाखती माजी विद्यार्थी घेतात, दोन वेगवेगळे. त्यातल्या एकांनी विचारलं, "बेळगाव म्हणजे नक्की कुठलं? कर्नाटकातलं की महाराष्ट्रातलं?" पूर्वी असतं तर मी १९५६ पासून सुरू केलं असतं. मी म्हणाले, राज्य कर्नाटक, घरात मराठी, शेडमध्ये कन्नड, आणि काका चंदगडला, शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्र. ते हसले नाहीत, पुढे झुकले. मग अर्धा तास आम्ही फक्त यावर बोललो की एकाच माणसाला भाव एका भाषेत आणि चूक दुसऱ्या भाषेत कशी सांगायची.

ओंकारने त्याचा मसुदा मला पाठवलाय. "कृषी प्रक्रिया मूल्यसाखळीत नेतृत्व" असं काहीतरी आहे. मला त्यात आपला ओंकार दिसला नाही. गेल्या मे महिन्यात मी आले होते तेव्हा त्याने मला काय दाखवलं होतं, आठवतं? काजू सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर. ज्यांच्या वाट्याला बारीक बी येते त्यांना तेवढ्याच किलोला जास्त बिया फोडाव्या लागतात आणि संध्याकाळी हातात कमी पैसे पडतात. त्याने महिनाभर वजनं टिपली आणि बीच्या आकारावर वेगळे दर ठरवायला तुम्हाला भाग पाडलं. तुम्ही चिडला होतात. हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही! विचारलं तर म्हणतो, "ताई, त्यात काय एवढं."

यंदा घाई करू नका. त्याची जीमॅट ही प्रवेशपरीक्षा अजून झालेली नाही, आणि अमेरिकेतल्या बहुतेक शाळांची दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. परीक्षा आता सव्वादोन तासांची आहे, पंचेचाळीस मिनिटांचे तीन भाग: गणित, भाषा आणि आकडेवारी वाचणं. गुण २०५ ते ८०५ मध्ये. मला दुसऱ्या प्रयत्नात ६४५ मिळाले. दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवस जावे लागतात, गुण पाच वर्षं चालतात. फेब्रुवारीपर्यंत त्याने एवढंच करावं. सप्टेंबरची पहिली फेरी धरली तर निबंधाला अख्खा उन्हाळा मिळतो. सल्लागार हवाच असेल तर तासावर घेणारा बघू, तो मी शोधते, आणि पहिल्या तासाला मी फोनवर असेन.

येत्या रविवारी तुमच्या रात्री नऊला त्याला फोन करायला सांगा, माझे तेव्हा साडेचार वाजलेले असतात. आणि काका, त्याने वजनं टिपली होती ती निळी वही बॉयलरच्या खोलीतल्या फळीवर असायची. दिवाळीच्या साफसफाईत टाकली नसेल ना? सापडली तर आधी कोरड्या जागी ठेवा आणि मला फोटो पाठवा.

तुमची,
मेघा