ताईच्या फाइलीबद्दल

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय विज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताईच्या दिव्यांग दाखल्याला कागद काय काय लागतात तेवढं सांग." मी चार नावं सांगून फोन ठेवला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. शेजारच्या खोलीत दादा जागा होता, त्याच्यादेखत बोलवेना. म्हणून हे पत्र.

आधार, रेशनकार्ड, फोटो, स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं तुमच्या तासगावातला कुठलाही सेतूवाला समजावून सांगेल. त्याची काळजी करू नकोस. माझं सांगणं मानसिक आजाराच्या दाखल्यासाठी डॉक्टर अपंगत्वाचे टक्के ठरवतात, त्या तपासणीबद्दल आहे.

दादाच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी आईनं पहाटे उठून त्याला आंघोळ घातली. दाढी मी केली. पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, केसांना तेल लावलं. चार लोकांत न्यायचं म्हटल्यावर आपण माणसाला नीटनेटकंच नेतो, तसं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?" दादा म्हणाला, "लागते." "आंघोळ?" "रोज करतो." "घरात काही काम करता?" "दूध आणतो, दळण आणतो." मला ते ऐकून बरं वाटत होतं रे. इतकं सलग बोललेला दादा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. आईसुद्धा शेजारी बसून मान हलवत होती. खरं तर त्याआधी आठ महिने तो फाटकाच्या बाहेर पडला नव्हता. आमच्यापैकी कुणीही ते बोललं नाही. टक्के चाळीसच्या खाली आले, म्हणजे योजना-सवलतींना अपुरे.

दोष तपासणाऱ्यांचा नव्हता, आम्ही दाखवलं ते त्यांनी लिहिलं. 19 वर्षं आम्ही दादाचा आजार पाहुण्यांपासून, शेजाऱ्यांपासून, सोयरिकीतल्या माणसांपासून झाकत आलो. त्या खोलीतही आम्ही तेच केलं.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला समजावलं. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. त्यात आजाराचं नाव काय, गोळ्या किती, याला गुण नाहीत. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी पाहतात. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, अडचण जास्त तर गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण वेगळे: दोन वर्षांच्या आत असेल तर 1, दहाच्या वर असेल तर 4. एकूण 7 झाले की 40 टक्क्यांत बसतं. आणि आम्ही कागद नेले होते फक्त तीन वर्षांचे. म्हणजे वर्षांचेच दोन गुण आम्ही घरी ठेवून गेलो होतो.

मग जुनं शोधायला लागलो. दादाला पहिल्यांदा दाखवलं ते डॉक्टर वारले, त्यांचा दवाखाना बंद. तो 2009 साली बाहेरगावी 23 दिवस ॲडमिट होता, तिथल्या रेकॉर्ड रूमवाल्यानं "एवढं जुनं नसतं" म्हणून मला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज नेला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 प्रमाणे रुग्णाला आपली कागदपत्रं मिळण्याचा हक्क आहे, ते अर्जात लिहिलं, खाली दादाची सही घेतली, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. आठ दिवसांत डिस्चार्ज कार्डाची प्रत हातात आली. तूही तोंडी मागू नकोस.

बाकीचं घरातच निघालं. दादा क्लोझापिनवर आहे, त्या गोळीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सारख्या तपासाव्या लागतात. लॅबच्या प्रत्येक रिपोर्टावर तारीख आणि डॉक्टरांचं नाव असतं, त्यामुळे मधली कितीतरी वर्षं त्या रिपोर्टांनीच भरून काढली. त्याच्या मार्कशीट सापडल्या: पहिल्या वर्षाला फर्स्ट क्लास, दुसऱ्या वर्षी सगळ्या पेपरांना गैरहजर. ती मी फाइलीत सगळ्यात वर लावली. मेडिकलची बिलं मात्र हातची गेली. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते, पत्र्याच्या डब्यात नुसत्या कोऱ्या पट्ट्या उरल्या होत्या. ताईची बिलं असतील तर उद्याच झेरॉक्स काढ.

आणि आईची कॅलेंडरं. तुला आठवत असेल, आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कालनिर्णय असतं, त्यावर ती दुधाचा हिशोब लिहिते. जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही, फडताळात कागदाऐवजी अंथरते. डबे उचलून ती काढली. तारखेच्या चौकोनात "1 ली." आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, "झोपला नाही." "जेवला नाही." "आंघोळ 9 दिवस नाही." एका चौकोनात नुसतं "रडला". अकरा वर्षांची कॅलेंडरं होती, विज्या. ती हे लिहिते हे मला ठाऊक नव्हतं. तिनं कुणाला दाखवायला लिहिलंच नव्हतं.

त्यावरून मी दोन पानं तयार केली, चार बाबींप्रमाणे. "त्रास होतो" असं कुठंही लिहिलं नाही; काय होतं, महिन्यातून किती वेळा, आणि तेव्हा घरातलं कोण काय करतं, एवढंच लिहिलं. "आंघोळ करतो" असं नाही, "आई तीन-चार वेळा सांगते, पाणी काढून देते, तेव्हा आठवड्यातून एकदा करतो" असं. वाढवून एक अक्षर नको आणि झाकून एकही नको.

ती पानं दादाला न दाखवता न्यावीत असं माझ्या मनात होतं. ते करू नकोस. आईनंच हट्ट धरला, म्हणाली, त्याच्याबद्दल आहे, त्याला वाचू दे. त्यानं ओसरीत बसून सावकाश वाचलं. मला वाटलं फाडून टाकतोय. बऱ्याच वेळानं त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "रात्री घरात उगाच फिरतो." तो म्हणाला, "उगाच नाही. कड्या बघतो. कुणी आत येऊन आईला मारील म्हणून." इतकी वर्षं मी त्याच्यावर खेकसत होतो, झोप की आता म्हणून. ती ओळ मी त्याच्याच शब्दांत बदलली. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी त्या ओळीवरच सगळ्यात जास्त विचारलं, आणि दादानं स्वतः सांगितलं. या वेळी चाळीसच्या वर गेले.

आमचे बाबा झेडपीत मास्तर होते, म्हणून आईच्या मागं त्यांची फॅमिली पेन्शन दादाला चालू राहू शकते; त्यासाठी तो कमावू शकत नाही असा सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. आई रोज रात्री त्याचीच काळजी करायची. ताईचं वेगळं. तिला तहसीलच्या संजय गांधी निराधारमध्ये अर्ज करावा लागेल, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आत्ताच मागून ठेव. एसटीत 75 टक्के सवलत मिळेल, मिरजेच्या फेऱ्यांना तेवढाच आधार. आणि टक्के कमी आले तर गप्प बसू नकोस, 2016 च्या दिव्यांग कायद्यात अपिलाची सोय आहे.

पुढच्या रविवारी ये. ताईची चिठ्ठ्यांची पिशवी आहे तशी आण, लावत बसू नकोस. ताईला यायचं असेल तर तिलाही आण. आई म्हणते, पोरीला चार दिवस इथंच राहू दे. काकूंना विचार, त्यांनीही कुठं काही लिहून ठेवलंय का.

तुझा,
नंदू