कार्यक्रमांचे व्हिडिओ आणि एक्सपोर्टची आकडेमोड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मारबतीची मिरवणूक असो, दीक्षाभूमीवरची गर्दी असो की सायंटिफिक सभागृहातले व्याख्यान, नागपुरातल्या बऱ्याच कार्यक्रमांचे व्हिडिओ आता यूट्यूबवर येतात. त्यातले कितीतरी धड पाहवत नाहीत. गर्दीच्या जागी नुसते चौकोन, चेहरे पांढरेफटक, वक्त्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मग आयोजक पुढच्या वर्षी फोर-के कॅमेरावाला शोधतात, पैसे जास्त मोजतात आणि चित्र पुन्हा तसेच. बहुतेक वेळा घोटाळा कॅमेऱ्यात नसतो, संपादनानंतर फाइल एक्सपोर्ट करताना, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढताना, झालेला असतो. म्हणून संस्थांनी शूटिंगवाल्याला ऑर्डर देतानाच काही आकडे लिहून द्यावेत, यासाठी हे पत्र.

यूट्यूब आपली फाइल जशीच्या तशी दाखवत नाही. ती पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) लहानमोठ्या अनेक आकारांत तयार करते. आपण दिलेली फाइल आधीच पिळलेली असेल, तर दुसऱ्या पिळणीत उरलेसुरले बारकावेही जातात. यातला सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे एडिटर व्हॉट्सॲपवर ‘बघून घ्या’ म्हणून व्हिडिओ पाठवतो आणि संस्थेचा उत्साही कार्यकर्ता तोच चॅनलवर चढवतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. २ जीबीपर्यंतची फाइल तशी जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक किंवा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात उतरतच नाही, जागा कितीही रिकामी असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा.

आता आकडे. फाइल एमपी४, कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच.२६४, प्रोफाइल हाय, स्कॅन प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण). आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, ३८४ केबीपीएस. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा, १०८०पी (फुल एचडी) ला सेकंदाला २४ ते ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि ५० किंवा ६० फ्रेमसाठी १२. ७२०पी ला ३० फ्रेमपर्यंत ५, फोर-केला ३५ ते ४५. हे यूट्यूबनेच सुचवलेले आकडे आहेत. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. दीड तासाचे व्याख्यान ५.४ जीबीचे होईल आणि अपलोडचा खरा वेग २० एमबीपीएस असेल तर चढायला ३६ मिनिटे लागतील. दीड तासाची फुल एचडी फाइल कोणी ७०० एमबीत आणून दिली, तर ती घेऊ नये.

मात्र ८ हा आकडा सगळीकडे पुरत नाही. कोडेक प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच मुख्यतः नोंदवतो. स्थिर पडदा आणि पोडियमवर उभा वक्ता यांना फार थोडे लागते. ढोलताशाभोवती नाचणारी माणसे, फडफडते झेंडे, फुटाळा तलावाच्या पाण्यावर चमचमणारे दिवे यांत मात्र जवळजवळ प्रत्येक ठिपका दर फ्रेमला बदलतो. अशा चित्रणाला १०८०पी मध्ये १६ ते २० द्यावे आणि व्हेरिएबल बिटरेट, टू-पास (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून गरजेप्रमाणे डेटा वाटणारा पर्याय) निवडावे. ५० एमबीपीएस देऊन विशेष काही हाती लागत नाही, फक्त अपलोड रखडते.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हा सर्वांत दुर्लक्षित भाग. नियम एकच: ज्या वेगाने चित्रण, त्याच वेगाने एक्सपोर्ट. २५ चे ३० केले की साधे सॉफ्टवेअर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र गचके खाते. ‘स्मूथ दिसतं’ म्हणून २५ चे ६० करणारेही आहेत, त्यांना कृपया थांबवावे. मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी. तो ३० सांगतो, पण उजेड कमी झाला की स्वतःच वेग बदलतो. असे फुटेज तसेच संपादनाच्या टाइमलाइनवर टाकले तर मोठ्या भाषणात आवाज हळूहळू चित्रापासून सुटतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला, तर संपादनापूर्वीच फाइलचे रूप बदलणाऱ्या हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, आरएफ (गुणवत्तेचा आकडा) १८ च्या आसपास ठेवून फाइल बदलून घ्यावी. दोन्ही मोफत आहेत.

इंटरलेस्ड, म्हणजे एका वेळी फक्त सम किंवा फक्त विषम रेषा टिपणारे चित्रण करणारे जुने कॅमेरे लग्नसराईत अजून दिसतात. त्यांचे फुटेज डीइंटरलेस न करता (रेषांपासून पूर्ण फ्रेम न बनवता) टाकले की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे काम चित्राचा आकार बदलण्याआधीच करावे. नंतर केले तर सम-विषम रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पांढरेफटक चेहरे बहुधा एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणाऱ्या चित्रणामुळे. अनेक आयफोन आपणहून एचडीआरमध्ये चित्रण करतात आणि ते साध्या, म्हणजे रेक.७०९ च्या टाइमलाइनवर टोन मॅपिंगविना (तो पल्ला साध्या चित्रात बसवल्याविना) आले की उजेडाचे भाग जळतात. मंचाच्या कार्यक्रमासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद ठेवणे सोपे.

आवाज यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) पातळीवर आणते, पण फक्त मोठा आवाज खाली. हळू आवाज वर उचलत नाही. म्हणून एक्सपोर्टआधी पातळी उणे १४ च्या जवळ आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे. मिक्सरमधून घेतलेली लाइन पुष्कळदा फक्त डाव्या चॅनलवर येते. स्पीकरवर ते कळत नाही, इयरफोन लावणाऱ्याला एकाच कानात भाषण ऐकू येते. ती मोनो करून दोन्हीकडे द्यावी.

एक युक्तीही सांगण्याजोगी आहे. १०८०पी चे चित्रण त्याहून मोठ्या १४४०पी आकाराचे करून, २५ किंवा ३० फ्रेमला १६ एमबीपीएसने चढवले, तर यूट्यूब बहुधा त्याला अधिक कार्यक्षम व्हीपी९ कोडेक देते. तपशील नव्याने जन्माला येत नाही, पण आहे तो कमी विस्कटतो. प्लेअरवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोणता कोडेक मिळाला ते दिसते.

संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर थेट फाइल ठेवायची असेल तर हिशेब उलटा. तिथे पुन्हा दाबणारे कोणी नसते, म्हणून ७२०पी आणि २ ते ३ एमबीपीएस पुरे, नाहीतर मोबाइल डेटावर व्हिडिओ अडकत राहील. हँडब्रेकमधली ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची खूण करावी. त्याने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण डाउनलोड होण्याची वाट न पाहता व्हिडिओ सुरू होतो. एच.२६५ (एच.२६४ नंतरचा कोडेक) इथे टाळावे, जुन्या फोनवर आणि काही ब्राउझरवर ते चालत नाही.

अपलोड संपल्या संपल्या लिंक गावभर पाठवण्याची घाईही नडते. यूट्यूब आधी लहान आकार तयार करते, एचडी नंतर येते आणि फोर-केला तर बराच वेळ लागतो. तोवर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारा) ठेवावा आणि गुणवत्तेच्या यादीत १०८०पी दिसू लागल्यावरच सार्वजनिक करावा.

आपला,
एक व्हिडिओ संपादक, धरमपेठ, नागपूर