'पार्क कुठे केलीय, थांबलोय फक्त!' : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

परवा सकाळी आईला घेऊन दवाखान्यात निघाले होते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बस वेळेवर आली (हे मुद्दाम लिहिते, एरवी आमचं रडगाणं तेच असतं). पण थांब्यावर दोन मोटारी आणि एक टेम्पो. बस उभी राहिली रस्त्याच्या मधोमध. फुटपाथ उतरून, दोन बंपरांच्या फटीतून आडवी होत आई बाहेर आली, तोच बस आणि मोटारींच्या मधल्या बोळातून एक दुचाकी सुसाट गेली. हँडल आईच्या पिशवीला घासलं. कंडक्टर दारातून ओरडत होता, "आजी, पटकन या!" पटकन येता आलं असतं तर आणखी काय हवं होतं?

मोटारवाले गृहस्थ पार्किंग लाईट लावून आतच बसलेले. काच वाजवली, तर म्हणाले, "पार्क कुठे केलीय मॅडम? दोन मिनिटं थांबलोय फक्त."

हा फरक त्यांच्या मनाचा नाही. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असली की पार्किंगला मनाई. लाल फुली असली की थांबायलाही मनाई. फुलीची पाटी आमच्या वाटेवरच्या एकाही थांब्यावर नाही. खरं तर बसथांब्याजवळ, शाळा-रुग्णालयाच्या दाराशी, फुटपाथवर गाडी लावायची नाही, हे केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत आहेच. राज्यात डिसेंबर २०२१ पासून दंडही वाढले, पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५०० रुपये. पण टोइंगवाले येतात ते गल्लीतल्या दुचाक्या उचलायला. दुचाकी चार पोरं हातांनी उचलतात, मोटार उचलायची म्हणजे खटाटोप.

शहरातली मोठी बस बारा मीटरची असते. फुटपाथला लागायचं तर आत शिरायला आणि बाहेर पडायला तिला मोकळा रस्ता लागतो. चार मीटरची एकच मोटार मध्ये असली तरी बस तिरकी राहते, मागचं दार रस्त्यातच. मग एवढे पैसे मोजून लो-फ्लोअर, म्हणजे फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकता येईल अशा, बस घेतल्या कशाला? बस फुटपाथपासून सहा फुटांवर थांबली, की खाली उतरून पुन्हा चढणं आलंच.

टेम्पोवाल्याशी मात्र मला भांडता आलं नाही. माल उतरवायला त्याला दुसरी जागाच कुणी आखून दिलेली नाही. त्यालाही ती द्या, थांबा सोडून.

माझं मागणं एवढंच : थांबा म्हणजे नुसती शेड नव्हे, शेडसमोरचा रस्ताही. तेवढा पिवळ्या रंगात आखा, फुलीची पाटी लावा आणि आधी तिथल्या मोटारी उचला. वाहतूक पोलीस गृहखात्याचे, शहरातला रस्ता बहुतेक महापालिकेचा, परिवहन खातं तुमचं. मी तिघांना तीन पत्रं लिहीन हो, पण तिघांना एका टेबलाशी बसवणं तुम्हालाच जमेल.

आईची पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे. ती म्हणते, आता रिक्षाच कर. करीनही. पण ती रिक्षा आम्हाला उतरवणार कुठे? दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावरच.

आपली,
एक बसप्रवासी