पटकथेपेक्षा पाणबुडी सरस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत 'मिशन इम्पॉसिबल : द फायनल रेकनिंग'चं परीक्षण वाचलं. टॉम क्रूझच्या विमानावरच्या कसरतींचं त्यात तोंडभरून कौतुक आहे आणि बाकीचा चित्रपट 'लांबला' एवढ्या एका शब्दात निकालात काढलाय. लांबला हे खरंच. पण कुठे आणि का, ते सांगायला हवं होतं.

पावणेतीन तासांच्या या आठव्या भागाचा पहिला तास बोलण्यातच जातो. एकाने योजनेचं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, तिसऱ्याने जग बुडणार म्हणून बजावायचं; अधूनमधून जुन्या भागांतली दृश्यं. 'एन्टिटी' ही कृत्रिम बुद्धिमत्ता खलनायक असली तरी तिला चेहरा नाही, म्हणून तिची भीती शब्दांनी घालावी लागते. तिच्या बाजूने लढणाऱ्या गॅब्रिएलला चेहरा आहे, पण २०२३च्या भागात इथनशी, म्हणजे क्रूझच्या नायकाशी, त्याचं जे जुनं वैर सूचित केलं होतं, त्याचा इथे निकालच लागत नाही. २००६च्या भागातला 'रॅबिट्स फूट' म्हणजे नेमकं काय, हे न सांगण्यातच गंमत होती; आता त्यालाही एन्टिटीच्या दावणीला बांधलंय. इथनच्या मागावर असलेला ब्रिग्ज हा जिम फेल्प्सचा, म्हणजे पहिल्या भागात गद्दार निघालेल्या इथनच्या प्रमुखाचा, मुलगा निघतो. निघाला तर निघाला, त्यावाचून काही अडलं नव्हतं.

जुनं कसं आठवावं, हेही याच चित्रपटाने दाखवलंय. १९९६च्या पहिल्या भागात इथन छतावरून दोरीने उतरून ज्याच्या खोलीतून गुप्तहेरांची यादी पळवतो, तो सीआयएचा डन्लो आठवतो? पोट बिघडून धावत सुटणारा. त्या प्रकरणी त्याची रवानगी अलास्काकडे झाली होती. तो इथे बेरिंग समुद्रातल्या एका बेटावर भेटतो, तोच नट, रोल्फ सॅक्सन. बायकोसोबत सुखात आहे, इथनवर राग नाही, आणि त्या दिवशी टेबलात रुतलेला सुरा त्याने जपून ठेवलाय. तो परत देतो, बस्स.

आणि पाणबुडी! समुद्रतळावर बुडालेल्या 'सेवास्तोपोल' या रशियन पाणबुडीमध्ये इथन शिरल्यावर बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीच. पाणबुडी उतारावरून गडगडू लागते, पाणी या अंगावरून त्या अंगावर जातं, भिंतीची जमीन होते, टॉर्पेडो सुटून अंगावर येतात. बाहेर पडायची नळी इतकी अरुंद की पोशाख उतरवून बर्फगार पाण्यात शिरावं लागतं. दिग्दर्शक मॅक्वारी यांनी यासाठी खरोखर फिरणारा सेट उभारला होता, आणि तो खर्च पडद्यावर दिसतो. पिवळ्या विमानाला लटकणारा क्रूझ थरारक आहेच, पण माझं मत पाणबुडीला.

इथनचा जुना साथीदार लूथर याच्याबद्दल मात्र तक्रार आहे. आठही भागांत क्रूझखेरीज असणारा एकच नट, व्हिंग रेम्स. त्याला तळघरात बॉम्ब निकामी करता करता घाईने उरकलंय आणि शेवटी त्याच्या ध्वनिमुद्रित निरोपातून पुन्हा भाषण. पहिल्या तासातली निम्मी चर्चा कापून ती मिनिटं त्याला द्यायला हवी होती.

आपला,
एक वाचक, नाशिक